आधी मिरवणूक, मग मॅच!

विश्वचषक जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे फडकतात, गोव्यात पोर्तुगालच्या जर्सी कपाटातून बाहेर येतात आणि नाक्यानाक्यावर एकच निकाल लागतो : यंदा कप आपलाच! चाहत्यानं असं म्हणावं, तो त्याचा हक्कच आहे. पंचाईत होते ती संघच असं म्हणू लागला की. ‘फेव्हरिट’ म्हणून वाजतगाजत गेलेल्या आणि मान खाली घालून परतलेल्या राष्ट्रीय संघांची यादी लांबलचक आहे. त्यातले काही किस्से मजेशीर आहेत, काही चटका लावणारे. ते एकापाठोपाठ एक वाचले की एक गोष्ट लख्ख दिसते. स्वतःवर विश्वास असल्यानं कुणी हरत नाही. समोरच्याकडे बघायचं सोडून दिलं, की तिथून घसरण सुरू होते.

चला, एकेक किस्सा पाहू.

१. विजय आधीच छापून तयार!

साल १९५०, यजमान ब्राझील. त्या वर्षी अंतिम सामना असा नव्हताच. शेवटच्या चार संघांची साखळी होती आणि अखेरच्या लढतीत उरुग्वेशी नुसती बरोबरी साधली तरी कप ब्राझीलचा होता. त्याआधी ब्राझीलनं स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं धुऊन काढलं होतं. उरुग्वेला मात्र स्पेननं बरोबरीत रोखलं होतं आणि स्वीडनच्या तावडीतून ते ३-२ असे जेमतेम सुटले होते.

मग काय विचारता! ‘ओ मुंदो’ या वृत्तपत्रानं सामन्याआधीच संघाचा फोटो छापून त्यांना जगज्जेते ठरवून टाकलं. विजयगीत तयार झालं. निवडणुकीचं वर्ष असल्यामुळे खेळाडूंच्या मुक्कामावर पुढाऱ्यांची रीघ लागली. सामन्याच्या दिवशी रिओच्या महापौरांनी भर मैदानात खेळाडूंना विजेते म्हणून वंदन करणारं भाषण ठोकलं. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांच्या खिशात ब्राझीलच्या अभिनंदनाचं पोर्तुगीज भाषण होतं.

१६ जुलै. मारकाना स्टेडियमवर नुसते तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. ४७व्या मिनिटाला फ्रियासानं गोल केला आणि स्टेडियम वेडं झालं. तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला यानं एक अफलातून गोष्ट केली. चेंडू काखेत मारून तो पंचांशी हुज्जत घालत बसला. पंच इंग्लिश, हा स्पॅनिश बोलणारा, म्हणून त्यानं दुभाष्या मागितला! गोल रद्द होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला फक्त तो जल्लोष थंड होऊ द्यायचा होता. तो झाला. ६६व्या मिनिटाला स्कियाफिनो, ७९व्या मिनिटाला घिज्जिया. उरुग्वे २, ब्राझील १.

*चुकलं कुठे?* उरुग्वेचा पहिला गोल घिज्जियानं उजवीकडून मुसंडी मारून दिलेल्या पासवर झाला. तेरा मिनिटांनी तोच घिज्जिया त्याच बाजूनं पुन्हा आला. धोका सगळ्यांना दिसला होता, बंदोबस्त कुणीच केला नाही.

*हे माहीत आहे?* या पराभवानंतर ब्राझीलनं पांढरी जर्सी टाकूनच दिली. १९५३ मध्ये एका वृत्तपत्रानं नव्या जर्सीसाठी स्पर्धा घेतली आणि आल्दिर श्ली या तरुणानं आजची पिवळी-हिरवी-निळी जर्सी रेखाटली. श्ली उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावात वाढलेला आणि पाठीराखा चक्क उरुग्वेचा! घिज्जियाचं निधन झालं तेही १६ जुलैलाच, २०१५ मध्ये, त्या सामन्याला बरोबर ६५ वर्षं पूर्ण होत होती त्या दिवशी. गोलरक्षक बार्बोसाला मात्र देशानं अखेरपर्यंत माफ केलं नाही. मिरवणुकीची घाई साऱ्यांनी केली आणि शिक्षा एकट्यानं भोगली, हा अन्यायच होता.

२. पोस्टमन, शववाहिकेचा ड्रायव्हर आणि इंग्लंड

त्याच १९५० च्या स्पर्धेत बेलो होरिझोंते इथे आणखी एक बॉम्ब फुटला होता. फुटबॉलची नियमावली जिथे जन्मली त्या इंग्लंडचा हा पहिलाच विश्वचषक, कारण आधीच्या तिन्ही स्पर्धांना त्यांनी पाठ फिरवली होती. समोर होती अमेरिका. त्यांच्या संघात एक पोस्टमन होता, गोलरक्षक काकांच्या अंत्यविधीच्या व्यवसायात शववाहिका चालवत असे, आणि आघाडीचा खेळाडू जो गेटजेन्स मूळचा हैतीचा, न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता हॉटेलात भांडी घासणारा.

इंग्लंडकडे स्टॅन्ली मॅथ्यूज होता, त्या काळचा जादूगार. पण चिलीला हरवणारा संघ बदलायचा कशाला, असं म्हणून त्याला बाहेरच ठेवलं. ३८व्या मिनिटाला गेटजेन्सनं डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. इंग्लंडनं मग आक्रमणांचा धडाका लावला, पण फळा १-० वरून हलला नाही.

*चुकलं कुठे?* हुकमाचा एक्का हातात असून तो खेळलाच नाही, कारण समोरच्या गड्यासाठी त्याची गरजच वाटली नाही.

*चटका लावणारा शेवट :* गेटजेन्स पुढे हैतीला परतला. १९६४ मध्ये दुवालिए यांच्या हुकूमशाहीत त्याला पकडून नेलं, आणि तो पुन्हा कुणालाच दिसला नाही.

३. आठ गोलांची भूल

१९५४ चा हंगेरी हा आजवरच्या सर्वोत्तम संघांपैकी एक. १९५२ चं ऑलिंपिक सुवर्ण, वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३, बुडापेस्टमध्ये पुन्हा ७-१. मे १९५० पासून एकही पराभव नाही. विश्वचषकाच्या गटात त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असं लोळवलं. अंतिम सामन्यात पुन्हा तेच जर्मन समोर आले, आणि आठ मिनिटांत हंगेरी २-० नं पुढे.

पण जर्मन प्रशिक्षक सेप हेरबर्गर यांनी त्या ८-३ च्या सामन्यात बरेच राखीव खेळाडू उतरवले होते. स्पर्धेच्या नियमानुसार हरल्यावरही तुर्कस्तानशी पुन्हा खेळून पुढे जाता येत होतं. त्यामुळे त्यांनी आपली ताकद राखून ठेवली आणि हंगेरीला जवळून पाहून घेतलं. अंतिम सामन्याच्या दिवशी बर्नमध्ये पाऊस पडला. जर्मन खेळाडूंच्या बुटांना बूट बनवणाऱ्या आदी डासलर यांनी बदलता येणारे स्टड बसवले होते, चिखलासाठी लांब. हंगेरीचा पुश्काश दुखऱ्या घोट्यानं खेळत होता. १८व्या मिनिटाला २-२, आणि ८४व्या मिनिटाला हेल्मुट रानचा विजयी गोल.

*चुकलं कुठे?* हंगेरीनं ज्यांना हरवलं तो संघ वेगळा होता, आणि अंतिम सामन्यात उभा राहिला तो वेगळा. जुन्या निकालाच्या जोरावर नवा सामना जिंकता येत नाही. हेरबर्गर नेहमी सांगत, की पुढचा प्रतिस्पर्धी हाच सगळ्यात कठीण. ही शिकवण प्रत्येक ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावावी अशीच आहे.

४. विमानतळावर टोमॅटो

१९६६, इंग्लंडमधलं मिडल्सब्रो. दोन वेळचा विजेता इटली विरुद्ध पहिल्यांदाच विश्वचषक खेळणारा उत्तर कोरिया. कोरियाचा खेळ पाहायला इटलीनं माणूस पाठवला होता. पण त्यानं कोरियाच्या खेळाडूंची तुलना मूकपटातल्या विनोदी नटाशी केली, असं सांगतात. एवढ्यावर विश्वास ठेवून इटली मैदानात उतरला. बुल्गारेल्ली जखमी होऊन बाहेर गेला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे उरले दहा. ४२व्या मिनिटाला पाक दू-इकनं गोल केला आणि इटली स्पर्धेबाहेर. संघ जेनोआला उतरला तेव्हा चाहत्यांनी स्वागत केलं ते टोमॅटो फेकून.

*चुकलं कुठे?* पाहायला माणूस गेला, पण हसू आलं आणि नजर तिथेच थांबली. कोरियन खेळाडू न दमता धावतात, हे हसण्यासारखं नव्हतं, घाबरण्यासारखं होतं.

*लगेच पुढचं पान :* उपांत्यपूर्व सामन्यात याच कोरियानं पंचविसाव्या मिनिटालाच पोर्तुगालवर ३-० अशी आघाडी घेतली. तरीही ते आपलं क्षेत्र राखायचं सोडून पुढेच धावत राहिले. मग युसेबिओ नावाचं वादळ उठलं, त्यानं एकट्यानं चार गोल केले आणि पोर्तुगाल ५-३ नं जिंकला. तीन गोलांची आघाडीही पचवावी लागते!

५. दुसऱ्या मिनिटाला गोल, पण दुसरा गोल कुठाय?

१९७४, म्युनिक, अंतिम सामना. योहान क्रायफचा नेदरलँड्स म्हणजे फुटबॉलचं नवं व्याकरण. सामना सुरू झाला, पासवर पास होत गेले, क्रायफ गोलक्षेत्रात घुसला, त्याला पाडलं, पेनल्टी! नीस्केन्सचा गोल. गंमत म्हणजे पश्चिम जर्मनीच्या ज्या खेळाडूचा चेंडूला पहिल्यांदा हात लागला तो होता गोलरक्षक माइयर, आणि तोही जाळ्यातून चेंडू काढताना.

इतकी स्वप्नवत सुरुवात झाल्यावर डच चेंडू फिरवत बसले. यजमानांना नाचवायची लहर आली. डच खेळाडू योनी रेपनं पुढे हे स्वतःच कबूल केलं, की जर्मनांची मजा घेण्याच्या नादात दुसरा गोल करायचं राहूनच गेलं. मध्यंतराआधी ब्राइटनरनं पेनल्टीवर बरोबरी केली, गेर्ड म्युलरनं दुसरा गोल केला आणि कप जर्मनीत राहिला.

*चुकलं कुठे?* प्रतिस्पर्ध्याला हरवण्याऐवजी हिणवायला गेले. घड्याळ मात्र थांबलं नव्हतं.

६. खरोखरच आधी मिरवणूक काढणारा देश

१९७८ चा स्कॉटलंड या यादीचा मानकरी आहे. शेजारचा इंग्लंड पात्रच ठरला नव्हता, त्यामुळे स्कॉटिश जनतेच्या आनंदाला उधाण आलेलं. प्रशिक्षक अॅली मॅक्लाउड बोलण्यात भलतेच बहाद्दर. विश्वचषक जिंकल्यावर काय करणार, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं : पुढच्या वेळी राखणार! त्यांच्या फौजेवर रचलेलं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलं. संघ अर्जेंटिनाला निघायच्या दिवशी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर हजारो लोक जमले, आणि एकही सामना खेळण्याआधी खेळाडूंना उघड्या बसमधून मैदानाभोवती फिरवलं.

पहिला सामना पेरूशी. स्कॉटलंडनं आधी गोल केला, मग पेनल्टी घालवली, मग तेओफिलो कुबियासनं दोन अप्रतिम गोल ठोकले. पेरू ३-१. मॅक्लाउड पेरूचा खेळ पाहायला गेलेच नव्हते. लगेच विंगर विली जॉन्स्टन उत्तेजक चाचणीत सापडला आणि घरी गेला. दुसऱ्या सामन्यात इराणशी १-१, तोही गोल इराणच्याच खेळाडूनं स्वतःच्या जाळ्यात मारलेला.

आणि मग? शेवटच्या सामन्यात, पुढे अंतिम फेरी गाठणाऱ्या नेदरलँड्सला स्कॉटलंडनं ३-२ हरवलं! आर्ची गेमिलनं तिघांना चकवून केलेला गोल आजही विश्वचषकातल्या सर्वांत देखण्या गोलांमध्ये मोजतात. पण पुढे जायला तीन गोलांचा फरक हवा होता.

*चुकलं कुठे?* संघात दम होता, हे त्याच शेवटच्या सामन्यानं सिद्ध केलं. म्हणूनच हा पराभव सगळ्यात जास्त हळहळ लावतो. मिरवणुकीत गेलेला वेळ पेरूच्या अभ्यासात गेला असता, तर आज वेगळंच गाणं गात असते लोक.

७. सातवा गोल बायकोला, आठवा कुत्र्याला

१९८२, स्पेनमधलं खिखोन. युरोपविजेता पश्चिम जर्मनी विरुद्ध पहिलाच विश्वचषक खेळणारा अल्जेरिया. एका जर्मन खेळाडूनं म्हणे जाहीर केलं, की सातवा गोल बायकांना आणि आठवा पाळलेल्या कुत्र्यांना अर्पण करू. प्रशिक्षक युप डेरवाल म्हणाले, हरलो तर मिळेल त्या गाडीनं घरी जाईन. अल्जेरियाच्या खेळाचं चित्रीकरण त्यांच्याकडे होतं, पण खेळाडू हसतील म्हणून ते त्यांनी दाखवलंच नाही.

अल्जेरियाच्या गोटात मात्र जर्मनांचा बारकाईनं अभ्यास झाला होता. ५४व्या मिनिटाला राबा माजेरनं गोल केला. ६७व्या मिनिटाला रुमेनिगेनं बरोबरी साधली. जर्मनांनी सुटकेचा निःश्वास टाकला न टाकला तोच, मधल्या वर्तुळातून सुरू झालेली पासची साखळी एकाही जर्मनाचा पाय न लागता थेट लखदर बेलूमीपर्यंत पोहोचली. गोल! २-१. विश्वचषकात आफ्रिकी संघानं युरोपीय संघाला हरवण्याची ती पहिली वेळ.

*चुकलं कुठे?* उत्तरपत्रिका हातात होती, ती उघडलीच नाही.

*या गटानं नियम बदलला!* गटाच्या शेवटच्या सामन्यात जर्मनी ऑस्ट्रियाविरुद्ध एका गोलानं जिंकला की दोघंही पुढे आणि अल्जेरिया बाहेर, असं गणित होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीनं गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे करत काढला. प्रेक्षक भडकले, जगभर छी-थू झाली. तेव्हापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जातात. अल्जेरियाच्या वाट्याला न्याय आला नाही, पण पुढच्या प्रत्येक छोट्या संघाला त्यांनी मिळवून दिला.

८. फक्त एक गुण हवा होता

१९९३. पात्रता फेरीत फ्रान्सचे दोन सामने उरलेले, दोन्ही पॅरिसमध्ये, आणि गरज होती एका गुणाची. संघात कँटोना, पापँ, जिनोला. पहिला सामना गटात तळाला असलेल्या इस्राएलशी. ८३व्या मिनिटापर्यंत फ्रान्स २-१ नं पुढे, शेवटी हरला ३-२. ठीक आहे, अजून एक सामना आहे की! बल्गेरियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी, घड्याळात नव्वदावं मिनिट, फ्रान्सला बल्गेरियाच्या कोपऱ्यापाशी फ्री किक. चेंडू तिथेच दाबून धरायचा, की झालं. जिनोलानं तो उंच क्रॉस मारला, तो सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेला. बल्गेरियानं चेंडू पळवला आणि एमिल कोस्तादिनोव्हनं असा फटका मारला की फ्रान्स विश्वचषकाबाहेर. बल्गेरियानं पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत थेट उपांत्य फेरी गाठली.

*चुकलं कुठे?* ‘एक गुण तर मिळेलच’ असं म्हणताना तो मिळवायचा कसा, हे ठरलंच नाही.

*पण पुढे काय झालं ऐका :* त्या रात्री मैदानात असलेले देशाँ, ब्लाँ, देसाई आणि पती हे चौघं १९९८ मध्ये विश्वविजेते ठरले. तेव्हाचे साहाय्यक प्रशिक्षक एमे जाके त्या विजेत्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ठेच लागली, आणि ती त्यांनी लक्षात ठेवली.

९. मुकुट डोक्यावर, घसरगुंडी पायाखाली

गतविजेत्यांचं प्रगतिपुस्तक पाहा.

२००२, फ्रान्स : विश्वविजेता आणि युरोपविजेताही. आँरी, त्रेझेगे आणि सिसे हे तिघं त्या हंगामात इंग्लंड, इटली आणि फ्रान्सच्या लीगमध्ये गोलांच्या यादीत अव्वल. पहिल्याच सामन्यात नवख्या सेनेगलनं १-० हरवलं. तीन सामन्यांत गोल किती? शून्य. सेनेगलचे बहुतेक खेळाडू फ्रान्सच्याच लीगमध्ये खेळत. ते फ्रेंचांना आतून बाहेरून ओळखत होते.

२०१०, इटली : पाराग्वे आणि न्यूझीलंडशी बरोबरी, स्लोव्हाकियाकडून हार. गटात तळाला, न्यूझीलंडच्याही खाली.

२०१४, स्पेन : पहिल्या सामन्यात नेदरलँड्सकडून १-५, दुसऱ्यात चिलीकडून ०-२. सहा दिवसांत गाशा गुंडाळला.

२०१८, जर्मनी : कझानमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये दोन गोल खाल्ले. दुसरा तर गोलरक्षक नॉयर कोरियाच्या अर्ध्या भागात पोहोचलेला असताना, मोकळ्या जाळ्यात. १९३८ नंतर प्रथमच जर्मनी पहिल्याच फेरीत बाद.

याला लोक शाप म्हणतात. मला त्यात शापापेक्षा सवय दिसते. चार वर्षांपूर्वी जिंकून देणाऱ्या खेळाडूंना बसवायला हात धजावत नाही, जुनी चाल बदलायची गरज वाटत नाही, आणि तेवढ्यात उरलेल्या जगानं त्या चालीवर उतारा शोधलेला असतो. २०२२ मध्ये फ्रान्सनं ही साखळी तोडली. पोग्बा, कांते, बेन्झेमा नसताना त्यांना नवे गडी घ्यावे लागले, आणि तो संघ अंतिम फेरीत गेला.

१०. सरावाची जत्रा आणि कपावरचा हात

२००६ चा ब्राझील म्हणजे रोनाल्डिन्हो, काका, रोनाल्डो, आद्रियानो. सराव स्वित्झर्लंडमधल्या वेगिस गावी, तिकीट लावून! ढोल, नाच, मैदानात धावत येऊन खेळाडूंना मिठ्या मारणारे चाहते. उपांत्यपूर्व सामन्यात झिदाननं फ्री किक मारली, आँरी दूरच्या खांबापाशी मोकळा सुटला आणि ब्राझील बाद. रॉबेर्टो कार्लोस त्या क्षणी वाकून उभा होता. आपले मोजे सावरत होता, ही टीका त्याचा पिच्छा सोडत नाही.

आठ वर्षांनी विश्वचषक ब्राझीलमध्ये. तांत्रिक समन्वयक परेरा यांनी स्पर्धेआधीच सांगितलं, आपला एक हात कपावर आहे. स्पर्धात्मक सामन्यात ब्राझील घरच्या मैदानावर १९७५ नंतर हरलेला नव्हता. उपांत्य सामन्याआधी नेमार जखमी, कर्णधार थियागो सिल्वा निलंबित. तरीही ब्राझील सुरुवातीपासून मोकाट पुढे धावत सुटला. २३ ते २९ या मिनिटांत जर्मनीनं चार गोल केले. शेवट १-७.

*योगायोग बघा :* हा सामना बेलो होरिझोंतेला झाला. १९७५ ची ती हारही याच मैदानावरची. आणि १९५० मध्ये इंग्लंडची खोड मोडली ती याच शहरात.

११. झटपट धक्के

कॅमेरून, १९९० : विश्वविजेत्या अर्जेंटिनाला पहिल्याच सामन्यात १-० हरवलं. सामना संपला तेव्हा कॅमेरूनचे मैदानात उरले होते नऊ जण.

डेन्मार्क, १९९२ : युगोस्लाव्हियावर बंदी आली म्हणून ऐन वेळी युरो स्पर्धेला बोलावणं आलं. प्रशिक्षकांच्या घरी स्वयंपाकघर दुरुस्त करायचा बेत होता. तो राहिला बाजूला. अंतिम फेरीत विश्वविजेत्या जर्मनीला २-० हरवून कप घरी नेला.

ग्रीस, २००४ : तोवर मोठ्या स्पर्धेत एकही सामना न जिंकलेला संघ. यजमान पोर्तुगालला सलामीला हरवलं. पोर्तुगालनं धडा घ्यायला हवा होता, पण ग्रीसनं त्यांना अंतिम सामन्यातही हरवलं.

आइसलँड, २०१६ : लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास, दोन प्रशिक्षकांपैकी एक दंतवैद्य. युरोमध्ये त्यांनी इंग्लंडला २-१ घरी पाठवलं. आइसलँडचा पहिला गोल आला त्यांच्या प्रसिद्ध लांब थ्रोवर. ज्या संध्याकाळी आइसलँड ऑस्ट्रियाशी खेळत होता, तेव्हा इंग्लंडचे प्रशिक्षक रॉय हॉजसन पॅरिसमध्ये सीन नदीत बोटीनं फिरत होते. सामना पाहायला सहकारी गेले होते.

१२. आपल्या मातीवरचे दोन धडे

ऑक्टोबर २०१७. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात होता आणि गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमवर जर्मनी विरुद्ध इराण. जर्मनी हे नावच दबदब्याचं. पण इराणच्या पोरांनी सहाव्या मिनिटाला पहिला गोल केला आणि शेवटी ४-० असा फडशा पाडला. मडगावकरांनी समोर बसून पाहिलं, की जर्सीवरचं नाव गोल अडवत नाही.

दुसरा धडा आपल्याच संघाचा. मार्च २०२४, गुवाहाटी. विश्वचषक पात्रता फेरीत समोर क्रमवारीत खूप खालचा अफगाणिस्तान, आणि त्यांचेही बरेच प्रमुख खेळाडू स्वतःच्या महासंघाशी वाद असल्यामुळे आलेच नव्हते. सुनील छेत्रीचा हा १५०वा आंतरराष्ट्रीय सामना, पेनल्टीवर त्यानंच गोल केला. सगळा सोहळा जमून आला होता. ७० मिनिटांपर्यंत १-० पुढे असलेला भारत १-२ असा हरला. समोरच्याला कमकुवत समजून हरणं, हे आपण इतरांबद्दल वाचतो तेव्हा हसतो. गुवाहाटीत ते आपल्यालाच लागलं, आणि लागायलाच हवं.

१३. प्रत्येक धक्क्यामागे गर्वच असतो का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२२ च्या मार्चमध्ये पालेर्मोत युरोपविजेत्या इटलीनं उत्तर मॅसेडोनियावर ३२ फटके मारले. एकही आत गेला नाही. इंज्युरी टाइममध्ये त्रायकोव्स्कीनं दुरून एक मारला आणि इटली सलग दुसऱ्यांदा विश्वचषकाला मुकला. हे आळसाचं फळ म्हणता येणार नाही. फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी होतात. दीडशे धावांनी पिछाडीवर पडलेला क्रिकेट संघ एका चेंडूवर सामना फिरवू शकत नाही, पण फुटबॉलमध्ये तासभर मार खाणारा संघ एका लाथेत जिंकू शकतो.

म्हणूनच इथे अतिआत्मविश्वास इतका महाग पडतो. बास्केटबॉलसारख्या खेळात बलाढ्य संघाला चूक सुधारायला पन्नास संधी मिळतात. फुटबॉलमध्ये दोन-तीन मिळाल्या तरी नशीब.

१४. ठेच लागल्यावर उठायचं कसं?

२२ नोव्हेंबर २०२२, लुसैल. ३६ सामने अपराजित असलेला अर्जेंटिना, समोर सौदी अरेबिया. दहाव्या मिनिटाला मेस्सीचा गोल. नंतर अर्जेंटिनानं चेंडू तीनदा जाळ्यात मारला, तिन्ही वेळा ऑफसाइड. सौदीची बचावफळी धाडसानं पुढे सरकून उभी होती आणि अर्जेंटिना पुन्हा पुन्हा त्याच सापळ्यात पाय देत होता. मध्यंतरानंतर आठ मिनिटांच्या आत अल-शेहरी आणि अल-दौसारी यांनी सामना उलटवला. सौदीच्या राजांनी दुसऱ्या दिवशी देशभर सुटी जाहीर केली.

अर्जेंटिनाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी मग कारणं शोधण्यात वेळ घालवला नाही. पुढच्या सामन्यात त्यांनी पाच खेळाडू बदलले. मॅक अॅलिस्टर, एन्झो फर्नांडेस, हुलियन अल्वारेझ या ताज्या दमाच्या पोरांनी हळूहळू संघात जागा पक्की केली. १८ डिसेंबरला त्याच लुसैलमध्ये मेस्सीनं कप उंचावला. २०१० मध्ये स्पेनही पहिला सामना स्वित्झर्लंडकडून हरला होता आणि कप घेऊनच परतला होता. पहिल्या दिवशी बसलेला तडाखा जो मान्य करतो, त्याला उरलेले दिवस हाती लागतात.

पुढच्या स्पर्धेत हे चार प्रश्न विचारा

आपला लाडका संघ खरंच तयार आहे का, हे ओळखायला मोठ्या नावांची यादी नको. एवढंच पाहा.

प्रशिक्षक पत्रकार परिषदेत प्रतिस्पर्ध्याबद्दल काही नेमकं बोलतात, की फक्त ‘आम्ही आमचा खेळ करू’ म्हणतात?

मागच्या स्पर्धेचे नायक आजच्या फॉर्मवर संघात आहेत, की उपकारांवर?

एक गोल झाल्यावर संघ दुसऱ्याच्या शोधात जातो, की चेंडू फिरवत टाळ्या घेतो?

एकाच बाजूनं दोनदा हल्ला झाला, तर तिसऱ्या वेळी तिथे माणूस उभा असतो का?

चारही उत्तरं चांगली असतील, तर खुशाल झेंडा लावा आणि ढोल तयार ठेवा. आपण पाठीराखे आहोत, आपलं काम मनापासून ओरडण्याचं आहे. २०२६ च्या स्पर्धेत तर ४८ संघांची सोय झाली आणि सुमारे दीड लाख वस्तीचं क्युरासाओसुद्धा पात्र ठरलं. अशा छोट्या संघांकडे हरवण्यासारखं काही नसतं आणि शिकण्यासारखं सगळं असतं. ते मोठ्यांचा प्रत्येक सामना डोळ्यांत तेल घालून पाहतात. मोठ्यांनीही त्यांचे सामने तितक्याच आदरानं पाहावेत. खेळातला खरा मान यातच आहे, आणि कपाकडे जाणारा सगळ्यात भरवशाचा रस्ताही हाच आहे.